डब्ल्यू म्हणजे वामनराव

कीर्तनकार आधी नमन करतो आणि मग विषयाला हात घालतो. मी नमन शेवटासाठी राखून ठेवतो, कारण ते नेमकं कोणाला करायचं हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. विषय एवढाच होता, की माझ्या मोटारीत कोणतं ऑइल टाकायचं.

विषय लहान आहे असं मलाही वाटलं होतं. तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढलेला माणूस मी. शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊ मी एका साखळीनं आणि दोन खुंट्यांनी शांत केलेले आहेत. चार लिटर तेलाचं ते काय.

झालं असं. आमच्या गडचिरोलीच्या भजनी मंडळाचा मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत दरवर्षी मांडव असतो आणि संध्याकाळी आरमोरीच्या गुणवंतरावबुवांचं कीर्तन असतं. बुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगू. पूर्वरंगात माणूस सरळ बसलेला असतो, उत्तररंगात शेजाऱ्याच्या खांद्यावर रडत असतो, आणि आरतीच्या वेळी लक्षात येतं की शेजाऱ्याशी आपलं तीन वर्षं बोलणं नाही. असे बुवा गेली चार वर्षं शेजारच्या वामनरावांच्या नव्या कोऱ्या गाडीतून यायचे. गाडी थांबली की वामनराव स्वतः उतरून दार उघडायचे, आणि त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे तेज यायचं ते मला एकादशीचा उपास करूनही कधी आलेलं नाही.

यंदाच्या बैठकीत मी उठलो आणि म्हणालो, बुवांना मी आणीन.

वामनराव धरणाच्या खात्यातून निवृत्त झालेले. बोलायच्या आधी पाणी सोडल्यासारखा एक घसा साफ करतात. तो केला आणि म्हणाले, "नथ्थूजी, तुमची गाडी सोळाव्या वर्षात हाय."

बैठक गार झाली. मार्कंड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला सोळावं वर्ष म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्कंडेय ऋषींचं आयुष्यच सोळा वर्षांचं नेमलेलं होतं. यम पाश घेऊन आला तेव्हा पोरानं महादेवाच्या पिंडीला मिठी मारली, ती सुटली नाही, आणि यमाला रिकाम्या हातानं परत जावं लागलं. आमची सगळी यात्रा त्या एका मिठीवर उभी आहे. तेव्हा वामनरावांनी माझ्या गाडीचं फक्त वय सांगितलं नव्हतं, तिच्यावर पाश टाकला होता.

मी म्हणालो, चांगलं ऑइल टाकलं की गाडी वीस वर्षं चालते. हे मी कुठे ऐकलं होतं ते आजही आठवत नाही.

घरी येऊन गाडीचं पुस्तक काढलं. पुस्तक कपाटात वरच्या फळीवर हरिपाठाशेजारी ठेवलेलं. वाळवीनं हरिपाठाला हात लावला नव्हता, पण गाडीच्या पुस्तकात ती हेडलाइटपासून शिरली होती आणि वायपरपाशी बाहेर पडली होती. ऑइलचं पान मधे होतं. त्या पानावर "शिफारस केलेले" एवढे दोन शब्द शिल्लक होते.

म्हणून मी खुशालच्या दुकानात गेलो. खुशाल सुट्या भागांचा धंदा करतो. भला माणूस आहे, पण आकड्यांशिवाय बोलत नाही. त्यानं काउंटरवर पाच-डब्ल्यू-तीस, दहा-डब्ल्यू-चाळीस, पंधरा-डब्ल्यू-चाळीस, वीस-डब्ल्यू-पन्नास असे डबे ओळीनं मांडले. मला आधी ते गट नंबरच वाटले. वीस-डब्ल्यू-पन्नासचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे असं विचारणार होतो. डब्ल्यू म्हणजे काय, विचारलं. खुशाल म्हणाला, विंटर. म्हणजे थंडीत तेल किती घट्ट होते त्याचा आकडा. आमच्याकडे मे महिन्यात पोलीस ठाण्यासमोरचं डांबर चपलेला चिकटून घरी येते. अशा मुलखात तेलाच्या डब्यावर थंडीचा आकडा कशासाठी, हे काही मला उमगलं नाही.

वामनरावांनी कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं की विंटर-बिंटर काही नाही, डब्ल्यू म्हणजे वेट. तेल जितकं जड तितकं इंजिन दबून, इमानानं चालते. शिवाय बाजारात सगळा डुप्लिकेट माल आहे. डबा स्वतः घ्यायचा, घरी आणून सील फोडायचं, थेंब बोटावर चोळायचा आणि मगच मेकॅनिककडे न्यायचा. मेकॅनिकवर भरवसा टाकायचा नाही.

मी हे सगळं घरात येऊन भागीरथेला सांगितलं. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "डब्ल्यू म्हणजे वामनराव. त्याईले पुसल्याबिगर तुमचं कोनतं काम होते?"

मला ते लागलं. ज्या माणसाला गाडीच्या बाबतीत हरवायचं त्याच्याच सल्ल्यानं मी तेल निवडत होतो, हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून घरातल्या माणसानं बोलून दाखवायचं का? मी त्याच तिरीमिरीत जाऊन दहा-डब्ल्यू-चाळीस, फुल सिंथेटिक, घेऊन आलो. नेहमीच्याच कंपनीचं. कंपनी मी कधी बदलत नाही. बुवा आणि कंपनी एकदा धरली की धरली.

आता इथे कथेतलं दुसरं तेल येतं.

भागीरथेची मावशी रुखमा, धानोऱ्याकडे जंगलातल्या गावात असते. वय ऐंशीच्या पुढे. मोहाच्या झाडाला जी फळं येतात त्यांची बी म्हणजे टोरी. मावशी ती पावसाळ्याच्या तोंडी स्वतः वेचते, फोडते, वाळवते आणि घाण्यावरून तेल काढून आणते. मांडवातल्या समईत पहिलं तेल तिचं, हा तिचा पंचवीस वर्षांचा नेम. ती यायची एस्टीनं, मांडीवर तेल घेऊन. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं. तेव्हा तिनं भागीरथेला निरोप धाडला की मी येत नाही, माझ्याऐवजी तेल येईल, ते जळलं म्हणजे मी आली समज. भागीरथा ते तेल घरात आल्यापासून मावशी आल्यासारखीच वागत होती. येताजाता डब्याला पदर लावायची.

आणि तेल आलं होतं कशात? माझ्याच मागच्या वर्षीच्या इंजिन ऑइलच्या डब्यात. भागीरथेनंच तो धुऊन मावशीला दिलेला. तिनं धुतलेलं भांडं ज्यानं पाहिलं नाही त्याला हे समजायचं नाही. राखेनं, साबणानं, चिंचेनं घासून तिनं तो असा चकचकीत केला होता की खुशालच्या दुकानातला नवा डबा त्याच्यापुढे वापरलेला वाटावा. नव्याचं सील मी वामनरावांपुढे फोडून बसलो होतो. दोन्ही डबे मागच्या दाराशी एकाच फळीवर. भागीरथेनं सांगितलं, डावीकडचा मावशीचा. कोणाकडून डावीकडचा, हे सांगितलं नाही. मोजणी खात्यात आम्ही आधी उत्तर दिशा ठरवतो. घरात ती पद्धत नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन मंगरूच्या गॅरेजवर गेलो. मंगरू पन्नाशीचा, हातानं काळा आणि बोलायला कमी. त्यानं जुनं ऑइल सोडलं, फिल्टर बदलला, माझा डबा उचलला आणि वाकडा केला. काही आलं नाही. हलवला. आत गोळा हलल्यासारखा आवाज झाला.

"काका, हे तं जमून हाय."

थंडीत तेल किती घट्ट होते त्याचा आकडा! खुशालचं बोलणं माझ्या डोक्यात लख्ख उजळलं. मी मंगरूला सविस्तर समजावलं की डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि वेटही, आणि भारी तेलाचं हे लक्षणच आहे. मंगरूनं डबा उन्हात ठेवला. तासाभरानं तेल सुटलं, पिवळं, मऊ, देवघराच्या रंगाचं. मंगरूनं नाक जवळ नेलं.

"वास अलगच येऊन राह्यला, काका. वड्यावानी."

"फुल सिंथेटिक आहे," मी म्हणालो. "तुझ्याकडे कोणी आणत नसेल."

हे वाक्य मी का बोललो? त्या माणसानं पंधरा वर्षं माझी गाडी माझ्यापेक्षा जास्त वेळा खालून पाहिलेली. पण भिंतीवरून वामनराव बघत असल्याचा भास मला गॅरेजवरही होत होता. मंगरूनं माझ्याकडे एकदा पाहिलं, तेल ओतलं, झाकण लावलं. गाडी सुरू झाली ती इतकी मऊ बोलली की मीच त्याच्याकडे विजयानं पाहिलं. तो म्हणाला, बरं.

मग पास. यात्रेत गाडी मांडवापर्यंत न्यायची तर पास लागतो. टेबलावरच्या बाबूकडे चार रकाने होते: भाविक, दुकानदार, कलावंत, अत्यावश्यक सेवा. भाविकांच्या गाड्या लांब थांबणार. कलावंत लिहा म्हणालो तर त्यानं कलावंत असल्याचा दाखला मागितला. बुवांना फोन लावला. बुवा म्हणाले, मी कलावंत नव्हे, निरोप्या आहे. निरोप्याचा रकाना नव्हता. बाबूनं बराच विचार केला, मग "कीर्तन नाई झालं तं लोक उठून मांडवावर येतीन" असं म्हणून अत्यावश्यक सेवेत शिक्का मारला. मला तो शिक्का फार आवडला. पास काचेवर आतून दोनदा चिकटवला.

शिवरात्रीला दुपारी मी आरमोरीहून बुवांना घेतलं. मागे पेटीवाला आणि मृदंगवाला. बुवांना गाडीत गुणगुणायची सवय आहे. संध्याकाळचं कीर्तन ते वाटेतच एकदा हळू आवाजात करून घेतात. मी पुढे बसून ते ऐकत होतो. हे ऐकण्यासाठीच तर मी बैठकीत उठलो होतो, आता खोटं कशाला बोलू. चार वर्षं हे सगळं वामनरावांनी एकट्यानं ऐकलं होतं.

कठाणी नदीच्या पुलाअलीकडे बुवा मधेच थांबले.

"नथ्थूजी, कोणाच्या तरी घरी वडे होऊन राह्यले."

सगळ्यांना उपास. मी काच वर केली. पुढच्या गावातही वडेच होत होते. त्याच्या पुढच्या गावात गावच नव्हतं, नुसतं सागाचं जंगल होतं, तरी वडे होत होते. पेटीवाला आवंढे गिळू लागला. बुवा डोळे मिटून म्हणाले, "लहानपणी माझी आई टोरीच्या तेलात काढायची. अगदी तोच वास."

गडचिरोलीत घरून भागीरथा बसली, मांडीवर डबा. दोन मिनिटांत तिनं नाक वर केलं. मग डब्याकडे पाहिलं. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर असं पाहणं म्हणजे काय ते माणसाला कळतं. मी गाडीचा वेग वाढवला, जणू काय ती गोष्ट मागे राहील.

चामोर्शीच्या अलीकडे पोलिसांनी हात केला. आमचा जिल्हा दारूबंदीचा, चोरून निघते ती मोहाची, आणि यात्रेच्या दिवशी तपासणी कडक. शिपाई तरणा होता, छातीवर प्रफुल असं नाव. तो खिडकीशी वाकला, श्वास घेतला आणि तसाच वाकलेला राहिला.

"मोहाचा वास येऊन राह्यला, काका."

मी काचेवरच्या पासाकडे बोट केलं. त्यानं वाचलं, अत्यावश्यक सेवा. बुवांकडे पाहिलं, पेटीवाल्याच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाला, "अत्यावश्यक तं दिसूनच राह्यलं."

तीस वर्षं सरकारी नोकरी केली, एकदाही मेमो नाही. आणि आता टिळा लावलेल्या चार माणसांसह मी रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि यात्रेला निघालेल्या ट्रॅक्टरांतून ओळखीचे लोक हात जोडून जात होते. बुवांना. प्रफुलनं डिकी पाहिली, मृदंगाला नाक लावलं, शेवटी भागीरथेच्या मांडीवरचा डबा उघडला. त्यात बोट बुडवलं, चोळलं. अगदी वामनरावांनी शिकवल्यासारखं.

"बाई, याच्यात तं इंजिन ऑइल हाय." मग तो वास काढत पुढे गेला, बॉनेट उघडायला लावलं, ऑइलचं झाकण फिरवलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला. "आन् इथी टोरीचं तेल हाय. काका, तुमचं सगळं उलटं हाय."

कोणी हसलं नाही. भागीरथेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती माझ्यावर चिडली असती तर मी सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मावशीले काय सांगू जी मी?"

तेल होऊन आलेली ती ऐंशीच्या पुढची बाई मी इंजिनात ओतली होती.

अशा वेळी मागून कोण यावं? पांढरी गाडी, थंडगार काचा. काच खाली गेली, घसा साफ झाला. वामनराव उतरले, सगळं समजून घेतलं, आणि इथे मी त्यांचं देणं मान्य करतो: ते हसले नाहीत. म्हणाले, बुवांना मी नेतो, कीर्तनाला उशीर नको.

वामनराव तेव्हा मला यमासारखे दिसले, हातात गाडीची किल्ली. पण कीर्तन मोठं की माझं नाक? इंजिन पुढचे पाच कोस टिकेल की पन्नास पावलं, कोणाला माहीत होतं. मी बुवांसाठी माझ्या गाडीचं दार उघडलं. चार वर्षं मला ते दार उघडायचं होतं. उघडलं ते असं.

"बुवा, तुम्ही त्यांच्या गाडीत जा. चूक माझी आहे. मंगरूनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

बुवा उतरले नाहीत. त्यांनी पेटीवाल्याला आणि मृदंगवाल्याला सांगितलं, तुम्ही वामनरावांकडे बसा, वाद्यांना हा वास बरा नव्हे. मग पाय नीट लांब केले.

"गाडी बोलते आहे का?"

किल्ली फिरवली. बोलली.

"मग चला. मार्कंड्याच्या वाटेवर सोळाव्या वर्षाला कोणी असं सोडून जाते का?"

ते उरलेले पाच कोस मी कसे चालवले ते विचारू नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंगला अशी मिठी मारली होती की पिंडीला मारावी. ऑइलचा लाल दिवा एकदा लागला, विझला. बुवा गात होते, आता मोठ्यानं, आणि भागीरथा मागून सूर धरत होती. वैनगंगेचं पाणी दिसलं तेव्हा माझ्या बोटांत रक्त नव्हतं. आमच्या पुढे पांढरी गाडी हळूहळू चालली होती. वामनराव मुद्दाम मागे बघत चालवत होते, आम्ही दिसेनासे झालो की थांबत होते.

मंगरू यात्रेत होताच, बायकोला बांगड्या घेऊन देत होता. फोन केल्यावर दहा मिनिटांत आला. मोटारसायकलच्या डिकीत त्याचे पाने असतातच. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, काय बोलायचं ते जमवत होतो. तो खाली बसला, वर न बघता म्हणाला, "फुल सिंथेटिक. नाई का, काका?"

एवढंच. पुढे तो शब्द त्यानं काढला नाही. माझं नमन त्याला, इथे घालतो.

नट सैल केला आणि खाली लावलेल्या परातीत मावशीचं तेल उतरलं, ऊन, तपकिरी झालेलं, थोडं काळवंडलेलं. भागीरथेच्या मांडीवरचं दहा-डब्ल्यू-चाळीस इंजिनात गेलं. गाडीचं गाडीला मिळालं. पण परातीतलं तेल देवापुढे लावायचं कसं? मंडळात कुजबुज झाली. कोणी म्हणालं पाकिटातलं तेल आणा, कोणी म्हणालं इंजिनातलं तेल उष्टं होते का ते आधी ठरवा. वामनराव घसा साफ करणार, तेवढ्यात बुवांनी भागीरथेकडून कोरं फडकं मागून घेतलं आणि परातीवर धरलं.

"पंचाहत्तर किलोमीटर कीर्तन ऐकत आलेलं तेल आहे हे," बुवा म्हणाले. "पाकिटातल्या तेलानं काय ऐकलं आहे?"

यावर वामनरावांनीच फडक्याचं दुसरं टोक धरलं.

समई लावली. वात आधी चरचरली, धूर सोडला, आणि मग उभी राहिली. मांडवभर वड्यांचा वास. उपाशी माणसांची अशी एकाग्रता मी कोणत्याही कीर्तनात पाहिलेली नाही. उत्तररंगात बुवांनी यम आणला तेव्हा मी वामनरावांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांचेही डोळे पुसायच्या लायकीचे झालेले होते.

आरतीनंतर भागीरथेनं धानोऱ्याकडे व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कोणीतरी मावशीच्या तोंडापुढे फोन धरला. मावशीनं समई पाहिली, बराच वेळ पाहिली.

"काजळी जास्त काऊन धरून राह्यली वं?"

भागीरथेनं माझ्याकडे पाहिलं. मंगरू, बुवा, वामनराव, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी फोन हातात घेतला आणि खरं तेच सांगितलं, की मावशी, तुमचं तेल यंदा एस्टीनं नाही आलं, मोटारीतून आलं, म्हणून थोडं काळवंडलं.

मावशी हसली. तिचे दोन दात आहेत, दोन्ही दिसले.

"मी जलमभर एस्टीनंच आली जी, जावाई. माह्या तेलाचं नशीब तं पाहा."

मोटारीत नेमकं कुठे बसून आलं, ते तिनं विचारलं नाही.